साकवाच्या अलीकडे

सुमन, आज मंगळवार. सवयीने सकाळी दहाला क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये जाऊन बसले, आपल्या त्याच खांबाजवळच्या टेबलाशी. चहाच्या स्टॉलवरच्या बाईने लांबूनच ओरडून विचारलं, "ऑंटी, टू तेह आ? वन लेस शुगर?" मी नाही म्हणायच्या आत दोन ग्लास समोर आले. तुझा कमी साखरेचा तुझ्या जागेपुढे सरकवला आणि माझा प्यायला घेतला. तुला जाऊन तीन आठवडे झाले, हे तिला सांगायचं राहिलं. खरं म्हणजे मी सांगितलंच नाही.

मंडळाच्या ग्रुपवर तुझ्याबद्दल बरंच लिहून आलंय. मनमिळाऊ, मितभाषी, सदा हसतमुख. मितभाषी वाचून मला हसू फुटलं, मग रडू आलं, मग पुन्हा हसू. गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत कुणी मध्ये घुसला तर त्याची सात पिढ्यांची चौकशी करणारी तू, आणि मितभाषी! तुझ्या जन्मगावाचं नावही त्यांनी चुकीचं लिहिलंय. ते वाचून तू तिथल्या तिथे फोन केला असतास.

आपली ओळख अशाच एका गणपतीत झाली. आरती संपल्यावर तू मला विचारलंस, "तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, रत्नागिरीकडच्या. "रत्नागिरी केवढी मोठी आहे! गाव सांगा की." मी म्हटलं, कातळवाडी, तुम्हाला नाही माहीत असणार. तू हातातला प्रसादाचा द्रोण खाली ठेवलास आणि म्हणालीस, "मी साकवाच्या पलीकडची. खाजणवाडीची." मग आपण दोघी, पन्नाशीला टेकलेल्या बायका, त्या हॉलच्या मधोमध एकमेकींचे हात धरून उभ्या राहिलो, आणि आपापले नवरे चपला शोधत राहिले. दोघींचेही नवरे बोटीवरचे इंजिनियर, दोघीही त्यांच्यामागून इथे आलेल्या. तू क्लेमेंटीला, मी बुकित पंजांगला. गावाकडे आपल्या घरांमध्ये एक पऱ्या, म्हणजे ओढाच, आणि त्याच्यावरचा लाकडी साकव, एवढंच अंतर होतं. भेटायला मात्र सिंगापूर लागलं.

तुझे उपकार मोजत बसणार नाही, तुला आवडायचं नाही ते. पण एक सांगते. आमचे हे गेले तेव्हा तू तेरा दिवस माझ्याकडे राहिलीस. तेराच्या तेरा दिवस एकदाही "रडू नकोस" म्हणाली नाहीस. तू नुसती कुकर लावायचीस, माझ्या मुलाच्या ऑफिसातून येणाऱ्या माणसांना चहा द्यायचीस, आणि दुपारी माझ्या शेजारी सतरंजीवर पडून खाजणवाडीच्या कुणाची म्हैस कुणाच्या वालात शिरली होती ते सांगायचीस. त्या म्हशीच्या भांडणावर मी पहिल्यांदा हसले. ते हसू मला तू दिलंस, सुमन.

मग दोन वर्षांपूर्वी ते पुस्तक आलं. तू लायब्ररीतून आणलेलं, पातळसं, इंग्लंडातल्या शेजारशेजारच्या दोन खेड्यांचं. एक टेकडीवरचं, एक खालचं. दोन्ही गावांत मिळून एकच चर्च, तेही मधल्या शेतात. दोन्ही गावांतल्या दोन म्हाताऱ्यांनी लिहिलेलं. कुठली विहीर कुणी खणली, शाळेत किती मुलं होती, खालच्या गावातून प्रेत चर्चकडे न्यायची पायवाट कुठून होती, ती नेताना कुठल्या दगडावर खांदे बदलायचे. तू चष्म्यावर भिंग धरून वाचायचीस आणि मला मराठीत सांगायचीस. अडलं की तुझ्या केतकीला फोन. "आई, आय ॲम इन अ मीटिंग लाह," असं ती म्हणायची आणि तरी अर्थ सांगायचीच.

त्यातल्या जॅमवाल्या बाया तुला फार आवडल्या होत्या. गावच्या जत्रेत जॅमची स्पर्धा असायची. एका वर्षी वरच्या गावातल्या बाईचं बक्षीस खालच्या गावातलीला गेलं, आणि दोघी जिवलग मैत्रिणी अकरा वर्षं बोलल्या नाहीत. चर्चमध्ये एकाच बाकावर बसायच्या, पण बोलायच्या नाहीत. शेवटी एक मेली तेव्हा दुसरीने तिच्या पेटीवर जॅमची बरणी नेऊन ठेवली. मला ते ऐकून भरून आलं. तू मात्र भिंग खाली ठेवलंस. "मेल्यावर बरणी नेऊन काय करायची गो? चाटायची? जिवंतपणी न्यायला काय धाड भरली होती?" शेजारच्या टेबलावरचे आजोबा दचकून बघायला लागले, एवढ्या मोठ्याने तू म्हणालीस.

त्याच दिवशी तू ठरवलंस. त्या म्हाताऱ्या दोन खेड्यांचं लिहून ठेवतात, आपल्या दोन गावांचं कोण लिहिणार? गावात आता उरलंय कोण? अर्धी माणसं मुंबईला, अर्धी बोटीवर. म्हणून मंगळवार ठरले. तू दोनशे पानी वही आणलीस आणि पहिल्याच पानावर नियम लिहिलास: ऐकीव असेल तर ऐकीव म्हणायचं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, खोटं लिहायचं नाही. मी म्हटलं, खोटं कोण लिहितंय? तू म्हणालीस, "तू. तुझ्या गावाचं आलं की तुझा पेन आपोआप वळतो."

काय काय मिळवलंस तू त्या वहीसाठी! व्हिडिओ कॉलवर ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्यांशी तू तास तास ओरडत बोलायचीस. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन्ही गावांचा नकाशा काढलास. घरं, आंबे, गोठे, शाळा तुमच्याकडची, पोस्ट आमच्याकडचं. तुमची पोरं पत्रं न्यायला साकवावरून इकडे यायची, आमची पोरं पाटी घेऊन तिकडे जायची. लावणीला आधी आमच्या वरच्या शेतात सगळे, मग तुमच्या खालच्या. आणि साकव दर वर्षी पावसाळ्यानंतर नव्याने घालायचा, अर्धा आम्ही, अर्धा तुम्ही, मधोमध जुळवायचा. हे लिहिताना आपण दोघी किती खूश होतो! मला वाटायचं, ही वही कधी संपूच नये.

आणि मग आलं शिमग्याचं प्रकरण.

दोन्ही गावांच्या देवी बहिणी. शिमग्यात दोन्ही पालख्यांची भेट पऱ्यावर व्हायची. एक वर्ष तुमची पालखी साकव ओलांडून आमच्याकडे, पुढल्या वर्षी आमची तुमच्याकडे. आलेल्या बहिणीची ओटी भरायची आणि मग ढोल असा वाजायचा की छातीत घुमायचा. पण आपण दहा-अकरा वर्षांच्या असताना ही भेट बंद पडली, ती आजतागायत. आमच्या गावात मी लहानपणापासून ऐकलेलं असं की, आमची देवी थोरली. धाकटीने आधी यायचं असतं, खाजणवाडीवाले मस्तवाल, आले नाहीत. तुमच्या गावातही अक्षरशः हेच सांगतात, फक्त थोरली तुमची.

तू खणून काढलंस. तुमच्याकडच्या एका नव्वदीच्या आजोबांनी सांगितलं आणि मग आमच्याकडच्या माझ्याच चुलतकाकांनी दुजोरा दिला. झालं होतं एवढंच की, एका वर्षी साकवाचे दोन अर्धे मधोमध जुळले नाहीत. वीतभर वरखाली. खाली भरतीचं पाणी आणि चिखल, पालखी न्यायची कशी? म्हणून त्या वर्षी भेट राहिली. पुढल्या वर्षी प्रश्न आला, पाळी कुणाची? आमचे म्हणाले, हुकली ती पाळी गेली, आता तुम्ही या. तुमचे म्हणाले, हुकली ती पाळी तशीच आहे, आधी तुम्ही या. दोन्ही पालख्या आपापल्या काठावर सूर्य बुडेपर्यंत थांबल्या. ढोल वाजत राहिले. मग दोन्ही माघारी गेल्या. थोरली-धाकटीची गोष्ट नंतर बेतलेली, दोन्हीकडून.

त्या संध्याकाळी मी या काठावर होते आणि तू त्या. तुला माझा चेहरा आठवत नव्हता, मला तुझा आठवत नव्हता, पण दोघींनाही आठवत होतं की समोरची पालखी स्पष्ट दिसत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढी जवळ.

तू वहीत लिहिलंस: चूक दोन्ही गावांची. मी म्हटलं, खोड ते. तू म्हणालीस, का? मी म्हटलं, आमची देवी थोरली. तू म्हणालीस, "तुझ्याच काकांनी सांगितलं ना, की ते मागाहून ठरवलेलं?" उत्तर नसलं की माणूस काय करतं ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, "खाजणातली माणसं तुम्ही. मान म्हणजे काय ते तुम्हाला काय कळणार?"

हे वाक्य माझं नव्हतं, सुमन. आमच्याकडे मोठी माणसं पाठीमागे म्हणायची, चिखलातले म्हणून तुम्हाला हिणवायची. साठ वर्षं कुठे दडून बसलं होतं कोण जाणे, नेमकं तुझ्या तोंडावर बाहेर आलं. तू वही मिटलीस, पिशवीत घातलीस, भिंग पुसून डबीत ठेवलंस आणि चहा तसाच टाकून निघालीस. ग्लास निम्मासुद्धा झाला नव्हता.

पुढे तीन मंगळवार मी आले नाही, तूही आली नसशील. मी फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. चूक माझी, हे मला पहिल्या रात्रीच कळलं होतं. पण मनात एक किडा वळवळायचा: ती करील की. एवढी वर्षं तीच करते. आपलं भांडण झालं की पहिला फोन नेहमी तूच केलास, वर म्हणायचीस, "हूं, थोरल्या बाई, उतरला का राग?" त्या सवयीवर मी निजून राहिले.

आता ते सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले.

त्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी भांडी घासत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली बागेतला बाक दिसतो, तुला माहीत आहे, चौथ्या मजल्यावरून माणूस ओळखू येतं. बाकावर पोपटी छत्री दिसली. मग तू दिसलीस. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. माझा आनंद काय सांगू! हात तसेच साबणाचे, मी आधी चहाचं आधण ठेवलं. दोन कप. आलं किसलं. खुर्चीवरचे कपडे उचलले. मग पुन्हा खिडकीशी गेले. तू तशीच बसलेली. आणि तेव्हा तू वर पाहिलंस. थेट माझ्या खिडकीकडे.

मी मागे सरले.

का सरले, ते तीन आठवडे स्वतःला विचारतेय. हाक मारता आली असती. लिफ्ट चालू होती, चप्पल दाराशी होती, अर्ध्या मिनिटाचं काम. पण मी मनाशी म्हटलं, इथवर आलीय ती वर येणारच. येऊ दे. दार वाजवू दे. मग मी उघडीन आणि काही झालंच नाही असं दाखवीन. मी चहा गाळला, बशी झाकली, दाराशी कान लावून उभी राहिले. एकदा लिफ्ट वाजली, ती शेजारची मलय बाई बाजार घेऊन आली. बऱ्याच वेळाने पाहिलं तर बाक रिकामा होता. दोन्ही कप मीच प्यायले, रागारागाने. मला वाटलं, अडलंय माझं खेटर.

रविवारी दुपारी तू जेवून पडलीस ती उठलीच नाहीस. केतकीचा फोन आला तेव्हा मी तुलाच फोन लावायच्या विचारात होते, असं मी सगळ्यांना सांगितलं. तेही खोटं आहे. मी तेव्हा वर्तमानपत्राची रद्दी बांधत होते.

तुझ्या घरी सगळे आवरून गेल्यावर केतकी माझ्या शेजारी येऊन बसली. बिचारी दोन दिवस झोपली नव्हती. म्हणाली, "मावशी, थर्सडेला आई तुझ्याकडे आली होती ना? शी टोल्ड मी, वच्छीला भेटून येते. यू टू ओके ऑलरेडी, राइट?"

मी म्हटलं, "हो गं. आली होती. चहा घेतला आम्ही."

"ओके. गुड लाह," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचे खांदे सैल पडले. मग तिने फ्रिज उघडला आणि एक बरणी काढून ओट्यावर ठेवली. "पण मग हा मोरांबा तिने परत का आणला? तुझ्यासाठी केला होता. होल डे किचनमध्ये होती. तुला नको होता का?"

सुमन, त्या बरणीला तू कागदाची चिठ्ठी चिकटवली होतीस. त्यावर तुझ्या अक्षरात फक्त एवढंच: "जिवंतपणी."

केतकीला ते वाचता येत नाही. मराठी सगळं कळतं तिला, पण अक्षरं इंग्रजीचीच. तिने विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, कैरीचा आहे असं लिहिलंय. आणि परत का आणला याचं उत्तर, माझी साखर वाढलीय म्हणून मीच घेतला नाही. खोट्यावर खोटं, तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या फोटोसमोर. तिने ती बरणी मलाच दिली. "तू ठेव मावशी, आय कान्ट फिनिश." ती आता माझ्या फ्रिजमध्ये आहे, न उघडलेली. वहीही केतकीने माझ्याकडेच दिली. तू त्या वाक्यापाशी थांबली आहेस. चूक दोन्ही गावांची. खोडलेलं नाहीस.

मी पुष्कळ विचार केला. एक मन म्हणतं, पोरीला आई समाधानाने गेली असं वाटतंय, तर वाटू दे. आता सत्य सांगून तिच्या जिवाला घोर कशाला? मुलालाही विचारलं. तो म्हणाला, "आई, लीव्ह इट. कुणाचं भलं होणार आहे?" शहाणाच आहे तो. पण त्याने तुझा नियम वाचलेला नाही. मी वाचलाय, वहीच्या पहिल्या पानावर. आणि मला दुसरंही दिसतं. आज नाही तर उद्या केतकी कुणाला तरी ती चिठ्ठी वाचायला सांगील, किंवा मोरांबा का परत आला ते मनात घोळवत राहील. आपल्या आईला कुणी दारातून माघारी पाठवलं, असं तिला वाटेल. तेही खोटंच. तुला कुणी माघारी पाठवलं नाही. तुला घ्यायला कुणी खाली आलं नाही, एवढंच झालं.

त्या इंग्लंडातल्या बाईने पेटीवर बरणी ठेवली तेव्हा तिला काय वाटलं असेल, ते आज मला कळतंय. तू चिडली होतीस तिच्यावर. माझ्यावर मात्र चिडली नसतीस. चिडली असतीस तर बाकावर आलीच नसतीस, आणि हेच जास्त लागतं. खूप आठवण येते गं. बाजारात आलं दिसलं तरी येते, बसमध्ये पोपटी छत्री दिसली तरी येते. परवा तर एका परक्या बाईच्या मागे दोन स्टॉप उगीच गेले.

वहीत मी काल त्या वाक्याखाली लिहिलं. तू लिहिलेलं तसंच राहू दिलं आणि खाली माझ्या गावाच्या बाजूने भर घातली: समोरची पालखी आम्हाला स्पष्ट दिसत होती. आम्ही हाक मारली नाही. नाव घालून सही केली, म्हणजे कुणी ऐकीव म्हणू नये. पेन वळला नाही माझा, बघ.

हे लिहिलेलं सगळं मी शनिवारी केतकीला वाचून दाखवणार आहे. शब्द न् शब्द, मागे सरले तोही. तिला फोन करून बोलावणार नाही. ती म्हणाली होती, "मावशी, मी येईन ना तुझ्याकडे, तू कशाला एवढ्या लांब?" तिला थांबायला सांगितलं. बस साडेनऊची आहे. बरणी पिशवीत घालून मी निघेन, आणि तुझ्या दाराची बेल या वेळी मी वाजवीन. ऐकून झाल्यावर ती बरणी उघडायची की मला पिशवीसकट परत पाठवायचं, ते तिने ठरवावं. परत पाठवलंन तर मी खाली तुमच्या बागेतल्या बाकावर बसेन, पिशवी मांडीवर घेऊन.